दट्ट्याचा माथा

मुरबाडच्या किंवा शहापूरच्या बाजारांतून जातांना एखाद्या गॅरेजसमोर आपण घटकाभर थांबलां, तर "टॉपवर घे", "टॉप चुकलें", "पहिला टॉपवर आहे का बघ" अशीं वाक्यें आपल्या कानांवर पडतील. हें टॉप म्हणजे काय, तें शोधावें कां लागतें, आणि शोधण्याची युक्ति माणसाच्या हातीं कशी लागली, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. मी कोणी यंत्रविशारद नाहीं. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशाचें शिक्षण घेतलेला आणि ३८ वर्षें खेड्यांतल्या मुलांना गणित शिकविलेला एक निवृत्त मास्तर आहें. ह्या बिंदूशीं माझ्या घराचा जुना आणि फारसा सुखाचा नसलेला संबंध आहे. तो ओघानें येईलच.

मोटारीच्या इंजिनांत नळकांडें असतें आणि त्यांत दट्ट्या खालींवर सरकतो. दट्ट्याला एक दांडा जोडलेला असतो. दांड्याचें दुसरें टोंक भुजादंडाच्या भुजेला अडकविलेलें असतें, आणि त्यामुळें दट्ट्याच्या खालींवर होण्यानें भुजादंड गोल फिरतो. दट्ट्या जेथवर वर जाऊं शकतो, तें त्याचें शेवटचें स्थान म्हणजे टॉप. इंग्रजींत त्याचें पुरें नांव टॉप डेड सेंटर असें आहे. त्यांतला ‘डेड’ हा शब्द ऐकून कित्येकांना नवल वाटतें. वस्तुतः तो मोटारीच्या जन्माआधींचा, वाफेच्या इंजिनाच्या काळचा शब्द आहे. दट्ट्या ह्या टोंकाला आला म्हणजे दांडा आणि भुजा एका सरळ रेषेंत येतात. मग दट्ट्यावर कितीहि जोर लावा, तो सारा जोर भुजादंडाच्या मध्यावर जाऊन आदळतो; फिरविण्याच्या कामीं त्यांतला तिळभरहि येत नाहीं. घरांतलें पायानें चालवावयाचें शिवणयंत्र ज्या भगिनींनीं वापरलें असेल, त्यांना हें निराळें सांगावयास नको. पायटा नेमका त्या जागीं थांबला कीं पाय दाबून दाबून दुखतो, पण चाक हलत नाहीं. हातानें चाकाला किंचित् ढकलून द्यावें लागतें. ती जागा म्हणजेच मृतबिंदु.

इंग्लंडांत जेम्स वॅटनें १७८० नंतरच्या दशकांत वाफेच्या जोरावर चाक फिरविणारीं इंजिनें बनविलीं, तेव्हांच ही अडचण पुढें उभी राहिली. तिच्यावरचा पहिला तोडगा म्हणजे अजस्र जड चाक. एकदां फिरूं लागलेलें असें चाक आपल्याच वेगानें मृतबिंदूवरून पलीकडे जातें. परंतु इंजिन थांबतांना नेमकें त्याच बिंदूवर थांबलें, म्हणजे पहारी घालून माणसांनीं तें चाक हलवावें लागे. कारखान्याच्या आवारांत हें खपून जातें. घाटांत कसें खपणार?

घाट म्हटला कीं शहापूरकरांच्या डोळ्यांपुढें एकच घाट येतो. मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी १८५३ सालीं आली. कल्याणावरून वासिंदपर्यंतचा लोहमार्ग १८५५ सालीं, आसनगांवपर्यंतचा १८६० सालीं आणि कसाऱ्यापर्यंतचा १८६१ सालीं सुरू झाला. थळ घाट चढून गाडी इगतपुरीला पोंचली ती १८६५ सालीं. ३७ फूट पुढें जावें तेव्हां १ फूट वर, असा हा खडा मार्ग. अशा चढावर गाडी उभी राहिली आणि दट्ट्या मृतबिंदूवर अडकला, तर पहार घेऊन कोण खालीं उतरणार? म्हणून आगगाडीच्या इंजिनाला दोन बाजूंना दोन नळकांडीं असत, आणि दोहोंच्या भुजा एकमेकींशीं काटकोनांत बसविलेल्या असत. एक दट्ट्या मृतबिंदूवर असला म्हणजे दुसरा भर जोराच्या जागीं असावयाचा. ह्या मार्गावर १९३० च्या सुमारास विजेचीं इंजिनें आलीं, तोंवर आमच्या भागांतून नाशिककडे जाणाऱ्या गाड्या ह्या काटकोनाच्या भरंवशावर घाट चढत होत्या. शाळेंत काटकोन शिकवितांना मी मुलांना माहुलीचा किल्ला ज्या बाजूला दिसतो त्या बाजूचा हा लोहमार्ग दाखवीत असें.

मृतबिंदु अशा रीतीनें टाळला, तरी तो शोधण्याचें काम कांहीं सुटलें नाहीं. वाफ आंत केव्हां सोडावयाची हें झडपांनीं ठरतें, आणि झडपा जुळवावयाच्या त्या दट्ट्याच्या टोंकाच्या स्थानावरून. तें स्थान हेरण्यासाठीं रेल्वेच्या कारखान्यांतून कारागीर जी रीत वापरीत, ती लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दट्ट्याच्या दांड्याला जो सरकता ठोकळा असे, तो टोंकाच्या थोडा अलीकडे येतांच त्याच्या वाटेवर एक खूण करीत आणि त्याच वेळीं सांगाड्यावरच्या एका स्थिर बिंदूपासून टोंकदार मापदांडीनें चाकाच्या कडेवर दुसरी खूण करीत. मग चाक पुढें फिरवीत. ठोकळा टोंकाला जाऊन परत फिरे आणि पुन्हां पहिल्या खुणेवर येई. तेथें चाकाच्या कडेवर आणखी एक खूण. चाकावरच्या ह्या दोन खुणांमधलें अंतर दुभागलें कीं मृतबिंदु सांपडला. टोंकाकडे पाहून टोंक शोधावयाचें नाहीं. त्याच्या दोन्ही अंगांना सारख्याच अंतरावर उभें राहून मधली जागा ओळखावयाची.

पुढें १८७६ सालीं जर्मनींत निकोलाउस ओटो यानें चार धांवांचें इंजिन सिद्ध केलें, आणि टॉपचें महत्त्व शतपट वाढलें. पहिल्या धांवेंत वायुमिश्रण आंत ओढावयाचें, दुसरींत दाबावयाचें, तिसरींत तें पेटून दट्ट्या खालीं लोटला जातो आणि चौथींत धूर बाहेर टाकला जातो. म्हणजे एका आवर्तनांत दट्ट्या दोनदां माथ्यावर येतो: एकदां दाबलेलें मिश्रण डोक्यावर घेऊन, एकदां रिकाम्या हातानें. ठिणगी पाडावयाची ती पहिल्या वेळीं. आणि तीहि माथ्यावर नव्हे, माथ्याच्या किंचित् आधीं, कारण मिश्रण पेटून त्याचा जोर भरावयास थोडा वेळ लागतो. इंजिन वेगांत असलें म्हणजे ही घाई योग्यच असते. परंतु हातानें हँडल मारून तें सुरू करतांना दट्ट्या सावकाश चढत असतो. ठिणगी फार आधीं पडली, तर माथा ओलांडण्यापूर्वींच स्फोट होतो आणि दट्ट्या आल्या वाटेनें माघारीं फेंकला जातो. त्याच्याबरोबर हँडल उलटें फिरतें, आणि हँडलवर माणसाचा हात असतो.

ह्या फटक्यानें जगांत किती मनगटें मोडलीं असतील त्याची गणती नाहीं. मनगटाजवळच्या एका विशिष्ट हाडभंगाला डॉक्टर मंडळी आजहि ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात, तें ह्याच प्रतापामुळें. फोर्डची टी नमुन्याची मोटार १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती. तिच्या सुकाणूच्या खांबावर एक छोटी दांडी असे, आणि हँडल मारण्यापूर्वीं ठिणगी उशिरां पडेल अशा बेतानें ती सरकवून ठेवावी लागे. विसरलें कीं हात गेला. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत चार्ल्स केटरिंग यानें विजेची सुरुवात बसविली आणि श्रीमंतांचीं मनगटें वांचलीं. आपल्याकडे हँडल पुढें कित्येक दशकें टिकलें. जुन्या ड्रायव्हरांचा नियम असा, कीं अंगठा हँडलभोंवतीं वळवूं नये, चारी बोटांच्याच बाजूला ठेवावा. आणि हँडल वर ओढावें, खालीं दाबूं नये. हा नियम कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत मला आढळला नाहीं, पण तो पाठ नसलेला जुना ड्रायव्हर मीं पाहिला नाहीं.

मुरबाडला आगगाडी गेली नाहीं. त्यामुळें आमच्या बाजूला लोकांनीं इंजिन जवळून पाहिलें तें मोटारीचें, आणि त्याहून अधिक भाताच्या नि पिठाच्या गिरणीचें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. तेथल्या नांगरांची कथा मराठी वाचकांना ठाऊकच आहे. पुढें १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि महाराष्ट्रांतल्या नदीकांठांवर तेलाच्या इंजिनांची धुगधुग ऐकूं येऊं लागली. तीं डिझेलचीं इंजिनें. रूडॉल्फ डिझेल यानें १८९७ सालीं यशस्वी करून दाखविलेल्या ह्या प्रकारांत ठिणगी नसतेच. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेटतें. त्यांतहि तेल केव्हां फवारावयाचें तें माथ्यावरूनच ठरतें. मात्र सुरू करतांना एका खटक्यानें झडप उघडी ठेवतां येते, म्हणजे दाब बसत नाहीं. चाकाला चांगला वेग आला कीं खटका सोडावयाचा. गरीब शेतकऱ्याच्या हाताची काळजी ज्यानें वाहिली, तो हा खटका.

आमच्या गांवच्या भातगिरणींत असा खटका नव्हता. तें रॉकेलवर चालणारें, ठिणगीसाठीं मॅग्नेटो लावलेलें जुनें इंजिन होतें, आणि १९७४ सालीं हँडल मारण्यासाठीं मालकानें ठेवलेला रोजंदार माणूस म्हणजे माझे वडील होते. त्या वर्षीं ज्येष्ठांत इंजिन दुरुस्त करून घेतलें होतें. बाहेरगांवच्या एका फिटरानें मॅग्नेटो काढून पुन्हां बसविला, आणि बसवितांना जड चाकावर छिन्नीनें केलेली टॉपची खूण प्रमाण मानली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वडिलांनीं नेहमींप्रमाणें हँडल मारलें. मी शेजारींच भाताचीं पोतीं सरळ करीत होतों. एक ठो असा आवाज झाला. वडील ओरडले नाहींत, नुसते खालीं बसले. उजवें मनगट लोंबत होतें.

हाडवैद्यानें बांबूच्या कामट्या बांधल्या. आषाढांत पाऊस चांगला लागला, राबांतलीं रोपें वर आलीं, आणि वडील बांधावर बसून डाव्या हातानें खुणा करीत असतां आईनें आणि मीं आमच्या पाऊण एकराची लावणी केली. हाड वांकडें सांधलें. तो हात पुन्हां नांगराच्या रुमण्यावर नीट बसला नाहीं. पुढच्या वर्षीं मीं मॅट्रिकची परीक्षा दिली आणि बऱ्यापैकीं गुण मिळविले. परंतु कल्याणाला कॉलेजांत जाण्याची गोष्ट घरांत कोणीं काढली नाहीं, मींहि काढली नाहीं. लवकर पगार मिळेल अशी एकच वाट होती, ती मास्तरकीची.

दसऱ्यानंतर दुसरा एक वृद्ध मिस्त्री इंजिन पाहावयास आला. त्यानें चाकावरच्या खुणेकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. प्लग काढून त्या भोंकांतून सायकलच्या चाकाची एक तार दट्ट्यावर टेकविली आणि मला चाक हळूहळू फिरवावयास सांगितलें. तार वर येऊं लागली. "कोठें थांबली तें सांग," तो म्हणाला. मीं सांगितलें. त्यानें पुन्हां फिरवावयास लावलें. ह्या वेळीं माझें उत्तर चाकावर चांगलें तीन बोटें निराळें आलें. तिसऱ्यांदा आणखी निराळें. मग त्यानें तारेला दोरा बांधून एक खूण केली. ती खूण वर येतांना प्लगच्या कडेशीं भिडली तेव्हां चाकावर एक खडूची रेघ, आणि माथ्यावरून उतरतांना पुन्हां भिडली तेव्हां दुसरी रेघ. दोन्ही रेघांमध्यें चाकाच्या कडेवरून सुतळी ताणली, तोडली, दुमडली. दुमड जेथें आली तेथें त्यानें छिन्नी मारली. जुनी खूण तेथून पांच बोटें दूर होती. तें चाकच मुळीं दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाचें आणून बसविलेलें होतें.

माझे डोळे तीन वेळां कां चुकले, ह्याचें उत्तर मला फार पुढें, मुलांना शिकवूं लागल्यावर मिळालें. विलीज बनावटीच्या पेट्रोल जीपचें उदाहरण घेऊं. तिच्या दट्ट्याची धांव सुमारें १११ मिलिमीटर असते. धांवेच्या मध्यावर भुजादंड एक अंश फिरला, तर दट्ट्या जवळजवळ एक मिलिमीटर सरकतो. माथ्यावर तोच भुजादंड एक अंश फिरला, तर दट्ट्या मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाइतका हलतो. पांच अंश फिरला तरी पाव मिलिमीटर. म्हणजे जेथें आपणांस नेमकेपणा हवा, तेथेंच दट्ट्या डोळ्यांना स्थिर भासतो. झोपाळा टोंकाला जाऊन परततांना क्षणभर थबकल्यासारखा दिसतो, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून माथ्यापासून दूर, जेथें दट्ट्या भराभर हलतो अशा ठिकाणीं दोन्ही बाजूंना खूण करावयाची आणि मध्य काढावयाचा. तेथें खुणेंत चूक होऊं शकत नाहीं असें नव्हे, पण फार थोडी होते.

हें तत्त्व रेल्वेच्या कारखान्यांत जन्मलें असेंहि नाहीं. आपल्याकडे कात्यायनाच्या शुल्बसूत्रांत पूर्व-पश्चिम दिशा काढण्याची रीत दिली आहे. सपाट जमिनींत शंकु ठोकावयाचा, त्याच्याभोंवतीं दोरीनें वर्तुळ आंखावयाचें. सकाळीं सावलीचें टोंक वर्तुळाला जेथें टेकेल तेथें एक खुंटी, आणि दुपारनंतर पुन्हां जेथें टेकेल तेथें दुसरी. दोन खुंट्या जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, आणि तिला दुभागणारी रेघ दक्षिणोत्तर. भर दुपारीं सावली सर्वांत आंखूड केव्हां होते हें पाहत बसण्याचा मूर्खपणा त्या ऋषीनें केला नाहीं, कारण तेव्हां सावली हललेलीच कळत नाहीं. आणि सह्याद्रीच्या परिसरांत राहणाऱ्या भास्कराचार्यांनीं ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणींत ग्रहांच्या बाबतींत म्हटलें आहे, कीं ग्रहाचें फल जेथें परम होतें तेथें त्याच्या गतीचें फल शून्य असतें. भास्कराचार्यांना इंजिनाची कल्पना होती असें सांगणारा एखादा उत्साही गृहस्थ भेटण्याची भीति आहे, म्हणून स्पष्ट सांगतों: तशी नव्हती. गोष्ट एवढीच, कीं माथ्यावर हालचाल शून्य असते हें त्यांनीं ओळखलें होतें.

कंस दुभागण्याचा धडा आला कीं मी वर्गांत सायकलचें चाक आणि सुतळी नेत असें, आणि गिरणीची हकीकत सांगत असें. वडिलांचें नांव घेत नसें.

नव्या मोटारींतून आतां हें काम संगणक पाहतो. भुजादंडावर दांत्यांचें एक चाक असतें. पुष्कळ गाड्यांत ६० दांत्यांची जागा करून त्यांतले दोन दांते मुद्दाम गाळलेले असतात. ती फट समोरून गेली, कीं दट्ट्या कोठें आहे हें यंत्राला कळतें. फटीचा नि माथ्याचा मेळ मात्र आधीं कारखान्यांत कोणीं तरी घालून दिलेला असतो. जुन्या गाड्यांना ती सोय नाहीं.

गेल्या वर्षीं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला मुरबाड रस्त्यावरच्या त्याच्या गॅरेजांत बोलाविलें. कोण्या हौशी माणसाची जुनी पेट्रोल जीप त्याच्याकडे आली होती. इंजिन उघडलेलें, वरचें झांकण काढलेलें. "गुरुजी, पुलीवरची खूण एक सांगते आणि दट्ट्या दुसरेंच सांगतो. मानूं कोणाचें?" त्यानें विचारलें. मीं म्हटलें, "अरे, तुला ठाऊक आहे." तो हंसला. त्यानें पहिल्या नळकांड्यावर एक लोखंडी पट्टी आडवी आंवळली आणि तिच्या मध्यांतून एक बोल्ट खालीं सोडला. पुली हातानें हलके फिरविली. दट्ट्या वर येऊन बोल्टाला टेकला. स्थिर कांट्यासमोर पुलीवर खडूची रेघ. मग उलट फिरवून दुसऱ्या बाजूनें टेकविला, दुसरी रेघ. सुतळीऐवजीं त्यानें वहीच्या कागदाची पट्टी घेतली, दोन रेघांमध्यें लहानशा कंसावर पुलीला वेढून कापली आणि दुमडली. दुमडीवर आलेली खूण जुन्या खुणेपासून दीड बोट हटलेली होती. पुली कोणीं तरी बदललेली होती, दुसरें काय!

झांकण वगैरे बसवून दोन दिवसांनीं त्यानें पुन्हां बोलाविलें. पहिल्या प्लगच्या भोंकावर त्यानें अंगठा ठेवला. हवा अंगठ्याला रेटूं लागली, म्हणजे दाबाची धांव ही, धूर टाकण्याची नव्हे. नव्या खुणेच्या पांच अंश अलीकडे ठिणगी पडेल असें त्यानें डिस्ट्रिब्यूटर जुळविलें आणि १-३-४-२ ह्या क्रमानें तारा लावल्या. बॅटरी उतरलेली होती. हँडल काढून त्यानें माझ्याकडे पाहिलें, आणि मग स्वतःच पुढें होऊं लागला. मीं तें त्याच्या हातांतून घेतलें. अंगठा चारी बोटांच्या बाजूला ठेवला, आणि वर ओढलें. पहिल्या फेरीला इंजिन नुसतें फुसफुसलें, दुसरीला लागलें.